सहा जणांचं टेबल आणि कुणी न मागितलेला ग्लास: सांगलीच्या एका कॉकटेल बारमधलं प्रकरण

बेदाण्याचा सीझन लागला की सांगली-तासगाव पट्ट्यात बसाबशी सुरू होतात, यात नवीन काहीच नाही. बाहेरचा खरेदीदार येतो, त्याला कोल्ड स्टोरेज दाखवायचं, सौदा दाखवायचा, दुपारी मटणाचं ताट आणि संध्याकाळी ‘बसू या की’. आधी बसायचं म्हणजे हायवेचा ढाबा नाहीतर परमिट रूम, लाल-निळा लाइट, शेंगदाणे, चकणा, क्वार्टर. आता पोरं पुण्या-मुंबईत राहून आली, त्यांनी कॉकटेल बार बघितले, मग इथल्याही एका हॉटेलने सांगली-मिरज रोडला वरच्या मजल्यावर नीट कॉकटेल बार काढला. मेन्यूत वीसेक नावं, एकेक ग्लास पाचशेच्या आसपास, गोव्यात काम करून आलेला बारटेंडर. हॉटेलचं नाव लिहीत नाही आणि माणसांचीही नाही, थोडे तपशील बदललेत.

मी हॉटेलच्या सर्व्हिस स्टाफला ट्रेनिंग देतो. या बारच्या मॅनेजरने मला बोलावलं कारण एका मोठ्या बेदाणा व्यापाऱ्याने थेट मालकाला फोन करून झापलं होतं की तुमच्या पोरांनी माझ्या पाहुण्यांसमोर माझा अपमान केला, परत पाऊल टाकणार नाही. मी मग दोन्हीकडचं ऐकून घेतलं, कॅप्टनचं म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरचं, बारटेंडरचं, त्या व्यापाऱ्याचं आणि टेबलावर बसलेल्या त्यांच्या पार्टनरचं. ऐकल्यावर लक्षात आलं की तक्रार एका गोष्टीची आहे आणि बिघडलं दुसरंच काहीतरी आहे.

टेबलावर कोण कोण

यजमान, म्हणजे तेच तक्रार करणारे व्यापारी, आपले अण्णा, पन्नाशी पार केलेले, दिलदार माणूस, पैशाला कधी मागं न बघणारे. त्यांचे धाकटे भाऊ बापू. मिरजेचे जावई. धंद्यातले पार्टनर शेठ, जैन, दारूला स्पर्श नाही, पण कंपनीला येऊन बसतात. आणि दोन पाहुणे मुंबईच्या एका बेकरीवाल्या कंपनीचे, परचेस बघणाऱ्या मॅडम, आणि त्यांच्या हाताखालचा एक पोरगा, वय २४. हे २४ लक्षात ठेवा.

बुकिंग चार जणांचं होतं, आले सहा. शनिवारची रात्र. बापूंनी स्वतःच शेजारचं टेबल ओढून लावलं ज्याच्यावर रिझर्व्हडची पाटी होती. ढाब्यावर चालतं हे, तिथं टेबलं असतातच ओढायला. इथं बुकिंगवर सगळं चाललेलं असतं, दोन माणसं वाढली तर दुपारी एक फोन करायचा, कुणी नाही म्हणत नाही. असो, कॅप्टनने ते निस्तरलं.

चोविसाव्या वर्षाची भानगड

पहिली ठिणगी इथं पडली. कॅप्टनने ऑर्डर घेताना त्या पोराला आयडी विचारला. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ पूर्ण लागतात, पण व्हिस्की, जिन, रम, व्होडका अशा कडक दारूला २५. आणि कॉकटेल म्हणजे बहुतेक वेळा या कडक दारूवरच बांधलेलं असतं, त्यात चार फळं घातली म्हणून ते हलकं होत नाही. पोरगा २४ चा, म्हणजे बिअर घे बाबा, वाइन घे, कॉकटेल नाही. अण्णा म्हणाले, ‘अरे माझा पाव्हणा हाय तो, मी सांगतोय ना, दे.’ कॅप्टन म्हणाला नाही जमणार साहेब. अण्णा म्हणाले तुला माहितीय का मी कोण. झालं.

आता कायद्याच्या बाजूने कॅप्टन शंभर टक्के बरोबर. बार एफएल-३ म्हणजे परमिट रूमच्या लायसन्सवर चालतो, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा माणूस आला तर लायसन्स बारचं जातं, अण्णांचं काय जाणार? आमच्या जिल्ह्यात तर बार या शब्दाला आधीच एक वास आहे, २००५ साली डान्सबार बंद करणारे आर. आर. आबा तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, त्यामुळे इथला बारवाला जरा जास्तच जपून असतो आणि असावंच.

पण कॅप्टनने ते विचारलं कसं तर उभ्याने, सगळ्यांच्या समोर, मोठ्या आवाजात, म्युझिक चालू होतं म्हणून अजून मोठ्याने. तो पोरगा आपल्या बॉससमोर बसलाय, त्याला शाळेत उभं केल्यासारखं वाटलं असणार. हेच दारात, बसायच्या आधी, बाजूला घेऊन दहा सेकंदात झालं असतं. आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलायचं तर तरुण माणूस सोबत असेल तर यजमानाने आधीच विचारून ठेवावं, आयडी आहे का, वय किती. टेबलावर बसल्यावर ‘माझ्या जबाबदारीवर द्या’ म्हणणं याला काही अर्थ नाही, ती जबाबदारी तुमची नसतेच मुळी.

पोराने गपचूप बिअरचा पाइंट सांगितला. हसू येतं मला या नियमाचं, कारण आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० एमएलची एक बाटली म्हणजे अल्कोहोलच्या हिशोबाने व्हिस्कीचे दोन लार्ज पेग होतात, पण ती २१ ला चालते. कायदा आहे तो आहे.

‘जे सगळ्यात भारी असेल ते सहा आणा’

मेन्यू कुणीच वाचला नाही. मॅडम वाचत होत्या, पण त्यांचं वाचून व्हायच्या आत अण्णांनी चुटकी वाजवून कॅप्टनला बोलावलं, ‘ए बाळ, तुमच्यातलं सगळ्यात भारी आणि कडक काय असेल ते आण सगळ्यांना. आणि मॅडमना वाईन वगैरे काहीतरी हलकं दे.’

या एका वाक्यात किती गोष्टी आहेत बघा. चुटकीचं आधी संपवतो, ते करू नये, शुक शुकही नको, नजर मिळाली की मान हलवायची, नाहीतर हात थोडा वर करायचा, आणि ‘भाऊ’ म्हटलं तरी चालतं, आपल्याकडे भाऊ म्हणण्यात कुणाचा अपमान नसतो. कॅप्टन कवठेमहांकाळ साइडचा पोरगा आहे, त्याला ‘ए बाळ’चं काही वाटलं नाही, पण चुटकीचं वाटलं, हे त्याने मला स्वतः सांगितलं.

मोठी गोष्ट पुढची. सगळ्यांना एकच आणि तेही सगळ्यात भारी, हे अण्णांच्या डोक्यात पाहुणचार आहे. ताटात सगळ्यांना सारखं वाढायचं, कुणाला कमी नको. त्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंकाच नाही. पण बारटेंडरला ‘भारी आणि कडक’ सांगितल्यावर त्याने काय समजायचं? त्याने निग्रोनी पाठवली अण्णांना आणि बापूंना. जिन, कॅम्पारी (लाल, कडू इटालियन दारू) आणि गोड व्हर्मूथ (मसाले-वनस्पती घातलेली वाइन), तीनही सारखे, ३०-३० एमएल. इटलीत फ्लॉरेन्सला १९१९ च्या सुमारास एका काउंटने, म्हणजे तिकडच्या सरदाराने, आपल्या ड्रिंकमध्ये सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली आणि ती झाली असं सांगतात. कडक आहे, भारी आहे, आणि कडू आहे, मुद्दाम कडू आहे, तिची गंमतच ती. बापूंनी एक घोट घेतला आणि म्हणाले, ‘हे काय वो, काढा हाय का काय? कडू जार!’ आणि ग्लास परत.

इथं परत पाठवण्याचं जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे लोक एकतर काहीच बोलत नाहीत नाहीतर भांडतात. चूक बनलं असेल, म्हणजे मागितलं एक आलं दुसरं, सोडा गेलेला, ग्लासला वास, तर बिनधास्त परत द्या, पैसे लागू नयेत. नुसतं आवडलं नाही तर पहिल्याच घोटाला सांगा, हळू सांगा, ‘मला एवढं कडू चालत नाही, काही करता येईल का’, चांगला बारटेंडर काहीतरी करतोच, पण ते त्याच्या मर्जीवर, बिलात लागलं तर कुरकुर नको. अर्धा ग्लास संपवून परत पाठवणं मात्र कुठंच बसत नाही.

आणि हे सगळं टाळायला मेन्यू पाठ असायची काही गरज नाही. नावं न येणं यात लाज काही नाही, इंग्लिश न येण्यात तर अजिबात नाही, बारटेंडर गोव्याहून आला असला तरी त्याची आई मिरजेला भाकरी थापते. फक्त तीन गोष्टी सांगायच्या. कुठली दारू चालते, जिन की व्हिस्की की रम. चव कशी हवी, आंबट, गोड, कडवट. आणि हलकं हवं की कडक. ‘जिन चालेल, आंबट हवं, गोड अजिबात नको, हलकं दे.’ एवढ्यावर तो तुम्हाला काहीतरी बरोबर देईल, आणि ते बनवायला त्यालाही मजा येईल, कारण रात्रभर लाँग आयलंड आइस्ड टी ओतून माणूस कंटाळतो. त्यात टी काही नसतो बरं का, व्होडका, जिन, रम, टकिला, ट्रिपल सेक (संत्र्याची गोड दारू) असे पाच प्रकार थोडे थोडे, लिंबू आणि वर रंगापुरता कोला. नावावर जाऊन आइस टी म्हणून मागवणारे अजूनही भेटतात.

मॅडमने मात्र स्वतःच सांगितलं, ‘मला ड्राय मार्टिनी, जिनची, ऑलिव्ह घालून.’ म्हणजे जिन आणि अगदी थोडा ड्राय व्हर्मूथ, टेबलावरचं सगळ्यात कडक तेच. अण्णा जरा चपापले. बाई म्हणजे हलकं, हे गृहीत धरणं सोडून द्यावं, ज्याचं त्याला सांगू द्यावं.

बर्फ आणि माल

निग्रोनी परत गेल्यावर बापूंनी व्हिस्कीचं काहीतरी दे म्हणून सांगितलं, आली ओल्ड फॅशन्ड. व्हिस्की, साखर, बिटर्सचे म्हणजे कडू अर्काचे दोन-चार थेंब, संत्र्याची साल आणि मध्ये एकच भला मोठा बर्फाचा चौकोन. ही चाल खूप जुनी आहे, १८०६ साली अमेरिकेतल्या एका पेपरात कॉकटेल म्हणजे काय हे छापलं होतं त्यात हेच होतं, दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. बापूंनी ग्लास उचलून लाइटात धरला. ‘एवढा बर्फ? माल कुठाय? माझ्यासमोर मापून टाक.’

कॅप्टनने बारवरून जिगर, म्हणजे दारू मापायचं छोटं माप, आणून दाखवला, ६० एमएल, म्हणजे आपला लार्ज पेगच. पण त्याने तो टेबलावर ठणकन ठेवला म्हणे, बापूंचं म्हणणं. दोघांचा पारा चढलेला होता.

बापूंसारखे लोक बरेच आहेत आणि त्यांना मी मूर्ख समजत नाही, त्यांना परमिट रूममध्ये कमी माप मिळालेलं असतं, त्याचा तो राग आहे. म्हणून हिशोबच सांगतो. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. ६० एमएल व्हिस्कीत साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जी निग्रोनी त्यांनी परत पाठवली तिच्यात तीन वेगवेगळ्या बाटल्या होत्या तरी बेरीज साधारण तेवढीच, २० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ग्लास छोटा दिसला, रंग सरबताचा दिसला तरी एक लार्ज पोटात गेला असं समजायचं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जिरवतं, म्हणजे एका कॉकटेलला दोन ते तीन तास धरा. घाई कशाला.

बर्फाचं म्हणाल तर बर्फ तिथं जागा भरायला नसतो. मोठा चौकोन हळू वितळतो कारण त्याचा बाहेरचा भाग त्याच्या वजनाच्या मानाने कमी असतो, त्यामुळे ड्रिंक थंड राहतं पण पाणचट होत नाही. आणि थोडं पाणी तर व्हायलाच हवं, बारटेंडर ढवळतो किंवा शेकरमध्ये हलवतो तेव्हा बर्फाचं पाणी मुद्दाम त्यात उतरवतो, त्याशिवाय ते पिण्यासारखं होत नाही. लिंबू, अंडं, साय असं काही असेल तर हलवायचं, नुसती दारू दारूत असेल तर ढवळायचं. त्यामुळे ‘बर्फ काढून दे’ म्हणालात तर मिळेल, पण माल वाढणार नाही, फक्त गरम होईल.

बापूंनी शेवटी त्यात थम्सअप ओतलं. बारटेंडरने काउंटरवरून बघितलं आणि तोंड फिरवलं. माझं मत विचाराल तर ग्लास बापूंचा, पैसे अण्णांचे, ओतू द्या. फक्त मग साधी व्हिस्की आणि थम्सअप मागवलं असतं तर अडीचशे वाचले असते एवढंच.

अंडं, आणि शेठचं सरबत

जावई व्हिस्की पितात पण अंडं खात नाहीत. त्यांनी शेजारच्या टेबलावर पांढरा फेस असलेला ग्लास बघून तेच मागितलं, व्हिस्की सावर. कॅप्टनने लगेच विचारलं, ‘साहेब, त्यात अंड्याचा पांढरा बलक असतो, चालतो का?’ चालत नव्हता. मग बारटेंडरने काबुली चणे शिजवलेलं पाणी वापरून तसाच फेस काढून दिला. या संध्याकाळी स्टाफने जे सगळ्यात चांगलं केलं ते हे, आणि अण्णांच्या तक्रारीत याचा उल्लेख नाही, साहजिक आहे. आपल्याकडे ज्या टेबलावर निम्मे शाकाहारी असतात तिथं हा प्रश्न स्टाफने विचारायलाच हवा आणि नाही विचारला तर आपण विचारावा. फेस दिसला की अंडं समजा. ब्लडी मेरीत वुस्टरशायर सॉस पडतो, त्यात अँकोव्ही नावाची मासळी असते, ते तर दिसतही नाही.

शेठनी मॉकटेल मागितलं, लिंबू-आलं-सोडा असं. बारटेंडर सवयीने त्यात बिटर्सचे दोन थेंब टाकणार होता, पण मॉकटेलची चिठ्ठी बघून त्याने थांबून विचारायला पाठवलं. बरं झालं, कारण अँगोस्टुराचं बिटर्स ४४.७ टक्के अल्कोहोलचं असतं. थेंबाने कुणाला काही चढत नाही हे खरं, पण ज्याने आयुष्यात स्पर्श केलेला नाही त्याच्यासाठी थेंबही थेंबच. शेठनी नको म्हणून सांगितलं.

त्यावर अण्णा आणि बापू, ‘काय शेठ, लिंबूपाणी प्यायला पाचशेच्या हॉटेलात आलाय व्हय?’ सगळे हसले, शेठही हसले, ते सवयीचे आहेत. मॅडम हसल्या नाहीत. शेठनीच मला हे सांगितलं, की मॅडमनी त्यांच्या मॉकटेलकडे बघून ‘छान दिसतंय, पुढचं मी हेच घेईन’ म्हटलं, आणि बाकी कुणी ते ऐकलंच नाही.

आता मूळ गोष्ट

मॅडमनी दोन मार्टिनी घेतल्या, आरामात, मध्ये पाणी पीत, खात. मग म्हणाल्या, बस झालं. अण्णा म्हणाले, ‘असं कसं मॅडम, सांगलीत येऊन दोनवर उठायचं म्हणजे आमची इज्जत काय राहिली.’ मॅडम म्हणाल्या, नको खरंच, सकाळी लवकर निघायचंय. बापू म्हणाले एक तरी. जावई म्हणाले हाफ. मॅडम तिसऱ्यांदा नाही म्हणाल्या, हसूनच. अण्णांनी मग पाठीमागं हात करून कॅप्टनला बोटाने गोल खूण केली, सगळ्यांचं रिपीट. पाच मिनिटांत तिसरी मार्टिनी मॅडमसमोर येऊन उभी राहिली.

पंगतीत जिलबीचा आग्रह होतो तसाच हा अण्णांना वाटला. नको नको म्हणायचं, वाढप्याने वाढायचीच, मग हसत संपवायची, यात दोघांचाही मान. पण जिलबी जास्त झाली तर पोट दुखतं, दारू जास्त झाली तर माणसाचा स्वतःवरचा ताबा जातो, आणि ज्या बाईला दुसऱ्या गावात, धंद्याच्या लोकांबरोबर बसून उद्या सकाळी रेट ठरवायचाय तिने आपला ताबा कुणाच्या मानासाठी का सोडावा? तिचं ‘नको’ हे लाजेचं नको नव्हतं. आपल्याकडे पहिल्या दोन नकारांना नकार समजत नाहीत ही सवय जेवणापुरती गोड आहे, ग्लासाला लावली की ती जबरदस्ती होते, मग हेतू कितीही चांगला असो.

शिवाय ड्रिंक म्हणूनही ते वायाच जाणार होतं. मार्टिनी बर्फाशिवाय ग्लासात येते, थंडगार आली तरच तिला अर्थ, दहा-पंधरा मिनिटांत ती कोमट जिन होते. मॅडमनी तिला हात लावला नाही. अर्धा-पाऊण तास तो ग्लास तसाच त्यांच्यासमोर, टेबलावर गप्पा आपोआप थंड, आणि अण्णा सारखे त्या ग्लासाकडे बघतायत. मधल्या काळात बापूंनी मोबाइल काढून टेबलाचा व्हिडिओ घेतला, स्टेटसला टाकला, त्यात मॅडम आणि तो भरलेला ग्लास दोन्ही. मॅडमनी शांतपणे सांगितलं, प्लीज डिलीट करा. बापूंनी केला, पण तोपर्यंत तो बघायचा तितक्यांनी बघितला असणार. बारमधे दुसऱ्याला विचारल्याशिवाय फोटोत घ्यायचं नाही, यावर अजून काय लिहिणार.

बिल

बिल आलं आणि अण्णांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं. दोन बिलं का? कारण दारूला जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो, खाण्याला आणि शेठच्या मॉकटेलला जीएसटी, म्हणून बरेच बार बिलं वेगळी काढतात. इथपर्यंत ठीक. पण खाली सर्व्हिस चार्ज लावलेला होता, आणि तिथं अण्णा बरोबर होते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम केलं. द्यायचा की नाही हे ग्राहकाच्या मर्जीवर. मी मॅनेजरला तोंडावर सांगितलं की हा मुद्दा तुमचा आहे, काढून टाका. त्यांनी काढला.

पण बरोबर असलं तरी ते पाहुण्यांसमोर दहा मिनिटं चालवायचं नसतं. यजमानाने बिलासाठी उठून काउंटरला जावं, जे बोलायचं ते तिथं बोलावं. पाहुण्याला आकडा दिसू नये हे तर आपल्याकडे घरच्या लग्नातही पाळतात. टिपेचं म्हणाल तर सर्व्हिस चार्ज नसेल तर पाच-दहा टक्के ठेवतात लोक, सक्ती नाही. अण्णांनी रागात काहीच ठेवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या हाती कॅप्टनला पाचशे पाठवले. माणूस असा आहे.

निघताना जावई गाडीची किल्ली फिरवत होते, ‘दोनच तर झालेत, मिरज किती लांब.’ दोन व्हिस्की सावर म्हणजे दोन लार्ज पेग. १०० एमएल रक्तात अल्कोहोल ३० मिलीग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्यांदा सापडलात तरी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. किल्ली शेठनी काढून घेतली, ‘द्या इकडं, मी लिंबूपाणीच प्यालोय’, आणि पाहुण्यांना हॉटेलवर आणि जावयांना मिरजेला सोडून आले. टेबलावर न पिणारा एक माणूस असणं किती कामाचं असतं हे त्याला चिडवताना आठवत नाही कुणाला.

नंतर

सौदा मोडला का? नाही. बेदाणा चांगला होता, मॅडमनी घेतला, रेटही रास्त दिला. फक्त नंतरच्या खेपेला त्या सांगलीत आल्या तेव्हा संध्याकाळचं निमंत्रण त्यांनी घेतलं नाही, दुपारी शेठच्या घरी जेवल्या.

बारमध्ये काही गोष्टी बदलल्या. आयडी आता दारातच, बाजूला घेऊन. मेन्यूत प्रत्येक नावाखाली मराठीत एक ओळ आली, आंबट, कडू, गोड, किती कडक, अंडं आहे का. आणि रिपीटचा नियम केला, यजमानाने खूण केली तरी कॅप्टन ज्याचा ग्लास आहे त्याला वाकून विचारणार, ‘मॅडम, आत्ता आणू की थोड्या वेळाने?’ ‘थोड्या वेळाने’ म्हणायची सोय राहिली की पाहुण्याला नाही म्हणावं लागत नाही आणि यजमानही तोंडघशी पडत नाही. हे मॅनेजरचं डोकं, माझं नाही, मला आवडलं.

एका मुद्द्यावर मात्र आमचं जमलं नाही. मी म्हणालो त्या तिसऱ्या मार्टिनीचे पैसे तुम्ही लावायला नको होते, पिणारी व्यक्ती तीनदा नाही म्हणताना तुमचा कॅप्टन तिथंच उभा होता, त्याने ऐकलं होतं. मॅनेजर म्हणतो, ऑर्डर झाली, ग्लास बनला, टेबलावर गेला, आता तो प्यायला की नाही हे आम्ही कसं बघणार, आणि पैसे देणाऱ्याची खूण मानायची नाही तर कुणाची मानायची. मी अजूनही माझ्या म्हणण्यावर आहे. पण खरं सांगायचं तर अण्णांच्या त्या लांबलचक तक्रारीत आयडी होता, जिगर आपटल्याचं होतं, सर्व्हिस चार्ज होता, बुकिंगचं टेबलसुद्धा होतं. त्या ग्लासाबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.